डोळ्याला उठाव किती दिसतो? ऑपरेशनाआधी आणि नंतर घरी कसं पाहायचं

बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. नव्या वर्गाला पहिला महिनाभर मी रंग देत नसे. एक पेन्सिल, एक पांढरा कागद आणि सहा चौकोन. पहिला चौकोन पूर्ण काळा, शेवटचा कोरा, आणि मधले चार असे भरायचे की एक छटा दुसरीत मिसळता कामा नये. मुलं कंटाळत, पण एकदा हे हाताला बसलं की तांब्या कागदावरून उठून दिसायला लागतो. वस्तू तिच्या कडेच्या रेषेमुळे दिसत नाही, शेजारच्या छटेपेक्षा ती वेगळी असते म्हणून दिसते. आम्ही याला ‘उठाव’ म्हणतो.

डोळ्यांचे डॉक्टर याच गोष्टीला काँट्रास्ट सेन्सिटिव्हिटी म्हणतात. शेजारशेजारच्या दोन छटांमधला किती बारीक फरक डोळ्याला कळतो, त्याचं ते माप. हे माप मला शिकवायला जन्मभर येत होतं, आणि माझ्याच डोळ्यातून ते जात होतं तेव्हा मला त्याचं नाव घेता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मोतीबिंदूचं किंवा चष्मा घालवण्याचं ऑपरेशन ठरवत असाल, तर त्याआधी थोडा वेळ काढून हे करून पाहा.

माझं असं झालं. आमचं घर गोव्यात, म्हार्दोळला. श्रावणात आमच्याकडे जायांचा बहर असतो आणि संध्याकाळी सोप्यावर बसून फाती, म्हणजे फुलांच्या वेण्या, विणायचं काम मला लहानपणापासून आवडतं. केळीच्या सोपटाचा दोरा फिका, कळी पांढरी. एका श्रावणात मला कळी आणि दोरा वेगळे दिसेनात. बोटांना कळत होतं, डोळ्यांना नाही. डोळे तपासायला गेले. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचली. चष्म्यासकट 6/9 आलं. ‘वयाच्या मानाने छान आहे,’ असं सांगून मला परत पाठवलं. मी म्हटलं, पण मला दोरा दिसत नाही. त्यावर उजेडात बसा असा सल्ला मिळाला. पुढचं वर्षभर मी मनाची समजूत घालत राहिले. त्या वर्षात दोनदा देवळाच्या पायरीवर पाय चुकला. चिऱ्याच्या पायऱ्या पावसात सगळ्या एकाच रंगाच्या होतात, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कळत नाही. तेव्हाही तो डोळ्यांचा दोष आहे हे मला सुचलं नाही.

तक्ता पास, तरी डोळा नापास: ते कसं

भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी 1862 साली केला. 6/9 म्हणजे निरोगी डोळा जे 9 मीटरवरून वाचतो ते तुम्हाला 6 मीटरवर यावं लागतं. हा तक्ता फार उपयोगाचा आहे, पण तो एकच प्रश्न विचारतो: किती बारीक दिसतं? अक्षरं शेवटपर्यंत काळीकुट्ट आणि कागद पांढराशुभ्र. किती फिकट दिसतं, हे तो विचारतच नाही.

हिशेब करून दाखवते. पांढऱ्या कागदावर उजेडाचे 100 भाग पडले आणि 80 भाग डोळ्याकडे परत आले असं धरा. काळं अक्षर 4 भाग परत पाठवतं. दोघांमधला फरक कागदाच्या उजेडाच्या 95 टक्के. आता एक फिकट करडं अक्षर घ्या, ते 76 भाग परत पाठवतं. इथे फरक 5 टक्के.

मोतीबिंदूने डोळ्यातली लेन्स गढूळ होते. ती खिडकीचा, समोरच्या दिव्याचा उजेड फोडते आणि आतल्या पडद्यावर सगळीकडे भुरका पसरवते. हा भुरका 40 भागांचा आहे असं समजा. तो कागदावरही चढतो आणि अक्षरावरही. कागद झाला 120, काळं अक्षर 44. फरक 63 टक्के, आरामात वाचता येतं. पण करडं अक्षर झालं 116, आणि 120 पुढे तो फरक उरला 3.3 टक्के. ज्या डोळ्याला ते मुळातच जेमतेम दिसत होतं, त्याच्यापुढून ते आता गेलं. काळ्या अक्षरांच्या तक्त्याला याचा पत्ताही लागत नाही. मी 6/9 का वाचलं आणि दोरा का दिसला नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

आणि आयुष्य काळ्या अक्षरांचं कुठे असतं? पांढऱ्या बशीतला भात, बांगड्याच्या मासात लपलेला काटा, ढगाळ संध्याकाळी राखाडी रेनकोट घालून रस्ता ओलांडणारा माणूस, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्याचा चेहरा. हे सगळं फिकटावर फिकट असतं.

घरचा कागद

आता करायचं काम. मी भाच्याला संगणकावर बसवून एक पान तयार करून घेतलं. सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. अक्षराची उंची सुमारे 5 सेंटीमीटर, म्हणजे बारीक दिसण्याचा प्रश्नच येऊ नये. सगळी अक्षरं एकाच मापाची. पहिली ओळ पूर्ण काळी, 100 टक्के. पुढची 50, मग 25, 12, 6 आणि शेवटची 3 टक्के. एवढ्या मोठ्या ओळी एफोर कागदावर दाटीने बसतात, म्हणून मी दोन पानांवर तीन-तीन ओळी घेतल्या.

शिरोरेषा देऊ नका. ती लांबलचक रेघ आधी दिसते, मग इथे काहीतरी आहे एवढ्यावरून माणूस अक्षराचा अंदाज बांधतो. मी क, ग, ट, प, म, र, ल, स अशी सुटी अक्षरं घेतली, आणि ओळीतल्या अक्षरांचा क्रम भाच्याने मला न सांगता ठरवला. दोन-तीन वेगळ्या क्रमांची पानं छापून ठेवली तर उत्तम, नाहीतर चौथ्या वेळी ती पाठ होतात.

छापताना घ्यायची काळजी: प्रत्येक पान मूळ फाइलवरूनच छापायचं, झेरॉक्स काढायची नाही. झेरॉक्सचं यंत्र फिकट छटा खाऊन टाकतं. कागद साधा, चकचकीत नको. लॅमिनेशनही नको, त्यावर खिडकी चमकते. पान फायलीत, अंधारात ठेवा. उन्हात कागद पिवळा पडला की माप बदललं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. हे छापलेले टक्के म्हणजे ओळखीच्या खुणा आहेत. प्रत्येक प्रिंटरचा करडा वेगळा असतो, त्यामुळे माझ्या 6 ची तुमच्या 6 शी तुलना करायची नाही. शिवाय निरोगी डोळ्याला सहाही ओळी वाचता येतात आणि त्याहून फिकटही दिसतं, म्हणून सगळं वाचता आलं याचा अर्थ डोळा ठणठणीत आहे असा होत नाही. या कागदाचा उपयोग एकच: तुमची तुमच्याशी तुलना. उजव्या डोळ्याची डाव्याशी, आषाढाची कार्तिकाशी, ऑपरेशनाआधीची नंतरशी.

त्यासाठी जागा आणि वेळ पक्की करा. मी सकाळी दहा वाजता बसते, खिडकी डाव्या खांद्यामागे, कागद समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर, अंतर 1 मीटर. अंतर टेपने मोजून फरशीवर खूण केली आहे. आभाळ फार भरलं असेल तर तो दिवस सोडते. गोव्यात जूननंतर दहा वाजताही दिवेलागणीसारखं होतं, आणि त्या उजेडात केलेली नोंद फसवी असते. त्यापेक्षा पावसाळाभर पडदा लावून एकाच बल्बखाली करा, मग तोच बल्ब कायम.

जवळचा चष्मा लागत असेल तर 1 मीटरवर ज्यातून स्पष्ट दिसतं तो घाला. एक डोळा तळहाताच्या खोबणीने झाका, बोटांनी दाबू नका. दाबलेला डोळा नंतर काही वेळ धूसर बघतो. मग वाचा, आणि घाई करू नका. अगदी फिकट अक्षर पहिल्या क्षणी दिसत नाही. पंधरा-वीस सेकंद टक लावून पाहिलं, मध्ये डोळे मिचकावले, की ते कागदातून हळूहळू वर येतं. शंका असली तरी काहीतरी अक्षर बोला. पाचपैकी तीन बरोबर आली तर ती ओळ तुमची. वहीत लिहा: तारीख, डोळा, ओळ. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पान तपासायला बसवा.

यानंतर दुसरी फेरी. टेबलावरचा दिवा कागदाच्या बाजूला, थोडा तुमच्याकडे वळवून लावा. त्याच्याकडे बघायचं नाही, तो नुसता नजरेच्या कडेला असू दे. मोबाइलची बॅटरी डोळ्यावर मारू नका. आता तेच पान पुन्हा वाचा. माझा डावा डोळा, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, दिव्याशिवाय 6 ची ओळ अडखळत वाचतो. दिवा लावला की 12 वर थांबतो. समोरून गाडीचा दिवा आला की रस्त्याची कड का नाहीशी होते, ते या एका ओळीच्या फरकाने मला दाखवलं.

दवाखान्यातली खरी चाचणी

घरचा कागद तुम्हाला प्रश्न देतो, उत्तर तपासणीतूनच येतं. त्यासाठी डॉक्टरांना नेमक्या शब्दांत विचारा: ‘काँट्रास्ट सेन्सिटिव्हिटी तपासता का? ग्लेअर टेस्ट करता का?’ ग्लेअर टेस्ट म्हणजे समोर दिवा असताना किती दिसतं त्याची तपासणी.

जास्त करून वापरतात तो पेली-रॉबसन तक्ता, 1988 सालचा. त्यावरची सगळी अक्षरं एकाच मापाची असतात आणि तीन-तीनच्या गटाने फिकट होत जातात. एकूण सोळा गट. प्रत्येक गटाचा उठाव आधीच्या गटाच्या साधारण 70 टक्के, आणि शेवटचा गट एक टक्क्याहूनही फिका. हासुद्धा 1 मीटरवरून वाचतात, गटातली तीनपैकी दोन अक्षरं बरोबर आली की तो गट जमला. निकाल लॉग आकड्यात येतो. घाबरू नका, तो वाचणं सोपं आहे. 2 म्हणजे एक टक्का फरकसुद्धा डोळ्याला कळतो. 1 म्हणजे दहा टक्के फरक असेल तरच कळतो. तरुण निरोगी डोळा 2 च्या जवळपास असतो, वयाबरोबर आकडा थोडा उतरतो. 1.5 च्या खाली गेला तर कारण शोधायला हवं.

दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत अक्षरांऐवजी करड्या पट्ट्या असतात, काही रुंद, काही बारीक. आपल्या डोळ्याला सगळ्या मापांचा उठाव सारखा कळत नाही. हात लांब करून करंगळीचं नख पाहा. तेवढ्या रुंदीत तीन ते पाच काळ्या-पांढऱ्या जोड्या बसतील अशा मध्यम पट्ट्या आपल्याला सर्वांत फिकट असतानाही दिसतात. 6/6 च्या अक्षरातली रेघ याहून कितीतरी बारीक, त्याच नखात तशा तीस जोड्या बसतील. चेहरा, पायरी, रस्त्यातला खड्डा हे मध्यम आणि मोठ्या मापाच्या गटात येतात. म्हणून बारीक अक्षर वाचणारा डोळा पायरी चुकू शकतो.

ही चाचणी बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी करायला सांगा. थेंबांनंतरचा आकडा कामाचा नाही. आणि तो कमी आला तर मोतीबिंदूवरच सगळा दोष टाकू नका. काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम, पडद्याच्या मध्यबिंदूची झीज, नुसता डोळ्यांचा कोरडेपणा, या सगळ्यांनी उठाव कमी होतो. पडदा खराब असेल तर लेन्स बदलून निम्मंच काम होईल, हे ऑपरेशनाआधी कळलेलं बरं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन: लेन्स निवडताना

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही निवड एकदाच करायची असते आणि आपल्याकडे ती बिलाच्या कागदाकडे बघून होते.

1949 साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. तेव्हापासून ऑपरेशन फार पुढे गेलं आहे, आणि गढूळ लेन्स काढून स्वच्छ लेन्स घातली की भुरका जातोच, उठाव वाढतोच. माझ्या उजव्या डोळ्याने तिसऱ्या आठवड्यात 3 ची ओळ सहज वाचली. पण सगळ्या लेन्स उजेडाशी सारख्या वागत नाहीत.

मोनोफोकल लेन्स सगळा उजेड एकाच अंतरावर नेमते. दूरचं स्वच्छ, जवळच्या कामाला चष्मा. मल्टिफोकल लेन्स तोच उजेड वाटून देते. दोन अंतरांची जी जुनी ठरावीक रचना आहे तीत साधारण 41 टक्के दूरसाठी, 41 टक्के जवळसाठी आणि उरलेला कुठेच उपयोगी पडत नाही. आता चित्रकाराच्या नजरेने बघा. तुम्ही दूरचा माणूस पाहता तेव्हा जवळसाठी राखलेला उजेडही पडद्यावर पडतोच, फक्त धूसर होऊन. ती एक पातळ पांढरी झाक सगळ्या चित्रावर चढते. भर दिवसा ती जाणवत नाही. रात्री, दिव्यांभोवती, ती वलयं होऊन दिसते.

माझ्या भावोजींचं फोंड्याला दुकान आहे. नऊ वाजता दुकान बंद करून ते स्कूटरने घरी येतात. त्यांना एका ठिकाणी मल्टिफोकल लेन्स बसवली. चष्मा सुटला, बिलं ते बिनचष्म्याने वाचतात आणि त्याचा त्यांना खरोखर आनंद आहे. पण रात्री समोरून एलईडी दिव्यांची गाडी आली की प्रत्येक दिव्याभोवती त्यांना चक्रं दिसत, आणि चक्रांमधला रस्ता काळा. सहा महिन्यांत मेंदूला सवय होऊन त्रास बराच उतरला, पूर्ण गेला नाही. मला खंत याची वाटते की ते रोज रात्री स्कूटर चालवतात का, हे ऑपरेशनाआधी त्यांना कुणी विचारलं नाही. लेन्स वाईट नव्हती. दिवसाउजेडी घरात राहणाऱ्या, वाचन-शिवण करणाऱ्या आणि चष्मा नकोच असणाऱ्या माणसाला ती सुखाची ठरते.

म्हणून तुम्हीच सांगा. दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडा: रात्री गाडी किती, बारीक काम किती, उन्हात किती, अंधारात एकट्याने चालणं किती. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर उजेड वाटून देणारी लेन्स नको, हे आग्रहाने विचारा. आधीच कमी असलेल्या उठावातून आणखी वजा करणं धोक्याचं असतं. या दोघींच्या मधली, दूरपासून हाताच्या अंतरापर्यंत पल्ला लांबवणारी लेन्सही मिळते. तिच्याबद्दलही हाच प्रश्न विचारा: रात्री उठावाचं काय?

मोनोफोकल ठरली तर पुढचा प्रश्न: अ‍ॅस्फेरिक आहे का? डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा, कॉर्निया, कडेने येणारे किरण थोडे जास्त वाकवतो. तरुणपणी आपली मूळ लेन्स ही चूक बरीचशी भरून काढते. साध्या गोल वळणाच्या कृत्रिम लेन्सने उलट ती वाढते. अ‍ॅस्फेरिक लेन्सचं वळण कडेला मुद्दाम कमी केलेलं असतं, म्हणून बाहुली मोठी होते तेव्हा, म्हणजे कमी उजेडात, चित्र जास्त नेटकं राहतं. बाहुली लहान असते तेव्हा फारसा फरक पडत नाही. मी हीच घेतली, दूरच्या नंबराची. फाती विणायला आणि चित्र काढायला चष्मा लावते, तो मला जड नाही.

एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं आहे, हे मधले दिवस मोलाचे आहेत. पांढरं धोतर उन्हात वाळत घाला आणि एकेक डोळा झाकून पाहा. माझ्या डाव्या डोळ्याला ते अजून साईसारखं पिवळट दिसतं, उजव्याला निळसर पांढरं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 1923 साली झालं, आणि नंतर रंग जुळेनात म्हणून तो अस्वस्थ होता. कॉलेजात, पणजीच्या आल्तिन्यावर शिकताना, ही गोष्ट मी ऐकली होती. तिचा अर्थ आत्ता कळला.

चष्मा घालवण्याचं लेझर

लॅसिकमध्ये लेझरने कॉर्नियाचा आकार बदलतात. लांबचं न दिसणाऱ्यांचा मध्यभाग सपाट करतात, साधारण साडेसहा मिलिमीटरच्या गोलात. अंधारात बाहुली त्या गोलाच्या कडेपर्यंत किंवा बाहेर उघडली की न घासलेल्या भागातून येणारे किरण वेगळ्याच जागी पडतात. त्यातून वलयं आणि उठावातली घट. म्हणून ‘अंधारात माझी बाहुली किती मिलिमीटर होते आणि लेझरचा गोल किती?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नंबर जितका मोठा तितकं हे महत्त्वाचं.

दुसरं कारण कोरडेपणा. कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, अश्रूंचा थर काही महिने तुटक राहतो आणि तुटक थर म्हणजे धुळीची काच. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने केलेल्या पाहणीत, ज्यांना आधी वलयं, चकाकी असं काहीच नव्हतं त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यातलं एखादं तरी लक्षण दिसत होतं. त्याच पाहणीत, त्यामुळे रोजची कामं फार अडली असं सांगणारे एक टक्क्याहून कमी होते. दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवा.

माझा भाचा वेर्णा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला, दिवसभर नाही तर रात्रभर एसीत, आणि परत येणं मोटरसायकलने. त्याने मे महिन्याच्या शेवटी लेझर केलं. जून आणि जुलै, म्हणजे नेमके उठाव कमी असण्याचे महिने, त्याला भर पावसात, हेल्मेटच्या काचेतून काढावे लागले. घरचा कागद त्याने केला होता, म्हणून आकडे आहेत: आधी सगळ्या ओळी, तिसऱ्या आठवड्यात 6 पर्यंत, चौथ्या महिन्यात परत सगळ्या. माझं स्पष्ट मत आहे, रात्री दुचाकी चालवणाऱ्याने गोव्यात हे ऑपरेशन दिवाळीनंतर करावं.

नंतरचे महिने, आणि घर

ऑपरेशनानंतर पहिल्या दोन-चार दिवसांच्या नजरेवरून काही ठरवू नका, सूज असते. तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात तोच कागद, तीच जागा. मात्र दुखायला लागलं, लाली वाढली, नजर एकदम उतरली, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं किंवा विजा चमकल्या, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तोपर्यंत, आणि ज्यांचा उठाव परत येणारच नाही त्यांच्यासाठी कायमचं, घर बदलता येतं. आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांच्या कडांना मी चार बोटं रुंद पांढरा पट्टा मारला. चुना पावसात टिकत नाही, ऑइलपेंट लावा आणि त्यात थोडी बारीक रेती मिसळा म्हणजे पाय घसरत नाही. भात पांढऱ्या बशीत वाढू नका. केळीच्या पानावर प्रत्येक शीत दिसतं. आडोळीवर नारळ खवताना खाली गडद रंगाचं ताट ठेवा. दूध गडद कपात, कोरा चहा पांढऱ्या कपात. दिवा समोर नको, खांद्यामागून हवा. गाडीची काच आतूनही पुसा, आतल्या तेलकट थराकडे कुणी बघत नाही. हेल्मेटच्या काचेवर चरे पडले असतील तर ती बदला. आणि रात्री घालायचे म्हणून विकतात ते पिवळ्या काचांचे चष्मे घेऊ नका. पिवळं जग उजळ वाटतं, पण काच उजेड कमीच करते आणि रात्री तो आधीच कमी असतो.

शेवटचं एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं आणि काही महिन्यांनी, काही वर्षांनी पुन्हा भुरकं दिसायला लागलं, तर मोतीबिंदू परत आला असं समजून गप्प बसू नका. तो परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिचा मागचा पडदा कधी कधी धुरकटतो. शेजारच्या काकी दोन वर्षं ‘आता काय, वय झालं’ म्हणत माशाचे काटे चाचपडत होत्या. मी त्यांना सोप्यावर बसवून कागद वाचायला लावला, त्या 25 वर थांबल्या. यॅग लेझरने त्या पडद्याला मधोमध छोटी खिडकी पाडतात, काही मिनिटांचं काम, टाके नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी 3 च्या ओळीतली चार अक्षरं वाचली, पाचवं मी सांगायच्या आत.

माझा डावा डोळा चवथीनंतर ठरला आहे. त्याचं पान भिंतीवर लावलेलं आहे, या वेळी अक्षरांचा क्रम काकींनी ठरवला.